वाकडी करंगळी

बाबांचं पहिलं पत्र आलं, त्यात अक्षर नव्हतं.
तुरुंगाच्या दुकानातला पांढरा रुमाल,
वर निळ्या बॉलपेनाने काढलेला घोडा.
निदान एल्फेगा आत्या म्हणाली, घोडा आहे.
मला तो भिजलेला कुत्रा वाटला.
मी सात वर्षांची. बेलेनच्या त्या घरात
रात्रभर मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आपटायचे,
आणि आमची घडी नुकतीच विस्कटली होती.

त्यांना कुणी शिकवलं नाही.
आत पेनाचं कवच काढून घेतात,
हाती येते नुसती रिफिल, शिजल्या शेवयीसारखी लुळी.
तिला कागदाची सुरळी गुंडाळून
त्यांनी ती बोटांना उभी राहील एवढी ताठ केली.
तपकिरी रंग कॉफीचा.
लाल हवा असला की लाल गोळी जिभेवर धरायची,
मग काडीच्या टोकाने जिभेवरूनच रंग उचलायचा.
कापडावर खोडता येत नाही. थांबलं तर शाई फुटते.
चुकलेल्या रेघेचं ते काहीतरी करून टाकत,
कधी केस, कधी गुलाबाचा काटा,
बहुतेक वेळा तार.

कितीतरी वर्षं त्यांच्या रुमालांतली माणसं
हात पाठीमागे घेऊन उभी असायची.
संत, नवरी, आमचा शेजारी अनास्तासियो, सगळीच.
मला वाटे, तिकडे सगळ्यांनाच बेड्या घालतात.
नंतर कळलं,
बाबांना हात काढता येत नव्हते.

नवव्या वर्षी हात आले.
उजव्या हातात पेन, म्हणून समोर ठेवायला
होता तो डावाच.
लहानपणी ट्रॉलीवरून पडून वाकडी झालेली त्याची करंगळी.
ती ग्वादालूपच्या मातेला आली,
आत्याला आली,
पंधराव्या वर्षीच्या झग्यातल्या मलाही आली.
फोटो कुणी पाठवलाच नव्हता.
झग्याचा रंग त्यांनी चुकीचा धरला होता,
पण मी मान तिरकी ठेवते, ते बरोबर.
शाळेत मी करंगळी वाकवून बसायचे. उगीचच.

एकोणीस वर्षांनी सुटले.
सांता फेच्या एका बाईने तीन रुमाल काचेत बसवले
आणि त्यांना कॅनव्हास दिला, दाराएवढा.
आठ महिने तो भिंतीला पाठ करून उभा आहे.
"एवढ्या जागेत," म्हणाले, "माणूस ठेवायचा कुठं?"
आणि पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर,
कोपरं अंगाशी घेऊन,
कुणीतरी वरच्या बाकावर झोपलंय असं हळू.

परवा विम्याचे कागद शोधताना
बुटाच्या खोक्यात एक रुमाल सापडला,
तिकीट न लागलेला.
पेट्रोल पंपाची छत्री, खाली पांढरा उजेड,
गुडघ्यांवर बसलेला माणूस.
चेहऱ्याच्या जागी नुसतं कापड.
आणि दोन हात, वर केलेले, तळवे माझ्याकडे.
रुंद. आखूड बोटं. करंगळ्या सरळ.
एवढ्या वर्षांत
हे पहिलेच हात, जे बाबांचे नव्हते.

अंगणात मिरच्या भाजत होते ते.
धुराचा वास घेऊन दारात आले, माझ्या हातात बघितलं.
मी काही विचारलं नाही.
"अंगठ्याला पट्टी होती त्याच्या," म्हणाले,
"त्याच दिवशी कापलं असावं काहीतरी."
मी पुन्हा बघितलं. होती पट्टी,
विणीसकट काढलेली.

मी घडी घालू लागले.
"तशी नाही," ते म्हणाले,
आणि काजळी लागलेले हात पँटला दोनदा पुसून
त्यांनी रुमाल घेतला,
जुन्या खुणेवरून आधी उभा दुमडला,
मग आडवा.
बाहेर मिरच्या करपत होत्या.